मधल्या रॅकची मूठ

एडिनबरा,
१४ मार्च

आप्पा,
तुम्हाला आणि आईला सविनय जयभीम.

फोनवर तुम्ही "बरं हाय" म्हणता आणि लगेच आईकडे देता, म्हणून कागदावर लिहितेय. इथे थंडी आहे, पण खोली उबदार आहे. मी वेळेवर जेवते.

माझं काम काय, असं तुम्ही विचारलं होतं. कॉम्प्युटरला एखादं काम सांगायचं आणि तो नीट विचार करून करतो का, ते बघायचं. परवा त्याला शंभर पानं वाचून उत्तर द्यायला सांगितलं. "सगळं तपासलं," असं त्याने ठासून लिहिलं. उघडलं होतं फक्त पहिलं पान. असं म्हटलं की माणसं खूश होतात, एवढंच तो शिकलाय.

मला तुमचं बेदाण्याचं शेड आठवलं. माल वाळला असं कुणी म्हटलं की तुम्ही म्हणता, "मधल्या रॅकची मूठ आण." मधला माल सगळ्यात शेवटी वाळतो; तिथली दाबलेली मूठ उघडल्यावर दाणे सुटे झाले, तरच वाळला. आता कॉम्प्युटरलाही तोच नियम लावलाय. आधी मूठ, म्हणजे कुठल्या पानावर काय वाचलं ते दाखव, मग उत्तर. चुका कमी झाल्यात.

यंदा शेड कधी भरलं? गंधकाच्या धुरीने खोकला वाढतो का? "एक्स-रे काढला, समदं साफ हाय," असं तुम्ही म्हणालात. आई म्हणते, एक्स-रेसाठी डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी अजून कॅलेंडरमागेच आहे.

आप्पा, मधल्या रॅकची मूठ पाठवा.

ही माझी: वेळेवर जेवते असं वर लिहिलंय, पण गेले चार दिवस बिस्किटांवर काढलेत.

तुमची
स्वप्ना