घर दाखवायचं, मालकीण नाही

४ फेब्रुवारी १९७९, रविवार
पहिलं गिऱ्हाईक आलं. मुलुंडचं जोडपं. बबनराव घेऊन आले. त्यांना दलाल म्हटलेलं चालत नाही, एजंट म्हणायचं. सकाळपासून अंगण झाडलं, रहाटाला तेल घातलं. "सिस्टर, बोलायचं काम माझं," म्हणून मला गप्प बसवलं. त्या लोकांना म्हणाले, "घर ह्या बाई सांभाळतात." बरं वाटलं ऐकून. आमचे हे वारल्यावर दवाखान्यातल्या नर्सच्या पगारात एकटीने बांधलं, एकटीनेच सांभाळलं.

७ फेब्रु.
लताचं नाशिकहून पत्र. "आई, कधी येतेस राहायला?" गुडघे म्हणतात आजच. पण घर विकल्याशिवाय निघणार नाही. कुलूप लावून गेले तर दहिवलीत दारं-खिडक्याही शिल्लक राहायच्या नाहीत.

११ फेब्रु., रवि.
ठाण्याचे लोक. पुन्हा चहा, पुन्हा पोहे. जाताना त्यांच्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "माझी जुनी पातळं आहेत, पुढच्या खेपेला आणते हं तुम्हाला."
अंगावर माझं चांगलं नारायणपेठ होतं! ब.रावांकडे पाहिलं, तर ते आंब्याचा मोहोर न्याहाळत होते.

१२ फेब्रु.
भांडी घासताना डोक्यात उजेड पडला. सांभाळतात म्हणजे राखण करतात! मी माझ्याच घराची राखणदारीण.
तशीच उठून स्टेशनजवळच्या हॉटेलात गेले. ब.राव तिथेच बसतात. जाब विचारला.
"राग नका मानू, सिस्टर. कांबळे बोललो का गिऱ्हाईक फाटकातूनच वळतंय. दोनदा झालंय तसं, तुमच्यापर्यंत पोचलेच नाय ते. म्हणून मालक मुंबईला हायत बोललो. तुमचं काय गेलं त्यात?"
"आणि खरेदीखतावर सही कोण करणार? तो मुंबईचा मालक?"
"ते मागनं बघू. एकदा घर मनात बसलं का माणूस नावाला अडत नाय. आन् ती बुद्धाची मूर्ती रविवारपुरती आतल्या खोलीत ठेवा की."
मी म्हटलं, मूर्ती बाहेरच राहील, तुम्ही आता यायचं नाही.
निम्म्या दहिवलीची बाळंतपणं या हातांनी केली. तेव्हा कुणी आडनाव विचारून फाटकातून वळलं नाही. या बबनरावांचा थोरलासुद्धा माझ्याच हातावर आला. पायाळू होता. मेल्याला ते आठवत नाही.

१८ फेब्रु., रवि.
कुणी नाही. मग दुपारी फाटकावर खडूने 'घर विकणे आहे' लिहिलं. दोघे चौकशीला आले. नाव विचारलं, सांगितलं. एकाला एकदम गाडीची वेळ आठवली. दुसऱ्याने ते कारणही दिलं नाही.

२३ फेब्रु.
लताचं पत्र. "आई, हट्ट सोड. एजंट म्हणतो तसं विकलं जाऊ दे." लतासुद्धा! शाळेत घालताना तिला नाव पूर्ण सांगायला मीच शिकवलं होतं. फार लागलं.
दुपारी जिन्यावरून उतरताना गुडघा अडकला. दहा मिनिटं पायरीवर बसून होते, कठडा धरून.

२४ फेब्रु.
ब.रावांना निरोप धाडला, या म्हणून. स्वतःचीच लाज वाटते. एकदाच गप्प बसायचं. एकदाच.

४ मार्च, रवि.
डोंबिवलीचे रिटायर्ड मास्तर आणि त्यांच्या बाई. माणसं सालस. मास्तरांनी विहिरीत डोकावून पाहिलं, पाणी चाखलं, भिंतीवर टिचकी मारून पाहिली. बाई म्हणाल्या, इथे तुळस छान येईल. ब.राव खुशीत.
मी चहा दिला. मास्तरांनी हळूच विचारलं, "मावशी, खरं सांगा, मालक कसा आहे? फसवणार नाही ना?"
दुसरं काही विचारलं असतं तर गप्प बसले असते.
"मालक मीच. सुमन कांबळे. एकेक वीट उभी राहून रचून घेतली आहे. तुम्हाला फसवतोय तो हा एजंट, आणि आज मीही."
ब.रावांना ठसका लागला. बाईंनी कप खाली ठेवला. मास्तर मूर्तीकडे बघत राहिले. "असं होय," म्हणाले. "कळवतो."
ते गेल्यावर ब.राव कपाळाला हात लावून, "हातचं घालवलंत, सिस्टर! पार घालवलंत!" आता या घराचं नाव काढणार नाहीत म्हणे. नका काढू.
रडले नाही. पोहे उरले होते, ते खाल्ले.

११ मार्च, रवि.
कुणी नाही.

१४ मार्च
मास्तरांचं कार्ड. "घर मला पसंत आहे. सौ. चा विचार अजून होत नाही. महिनाभर थांबाल का?"
कशाचा विचार होत नाही ते लिहिलेलं नाही. लिहायची गरजही नाही. तरी माणसाने कार्ड टाकलं, खोटं कारण दिलं नाही. पण त्यांच्या बाईंचं मन तयार होईपर्यंत मी माझ्याच घरात ताटकळत बसायचं? आणि नाही म्हटलं तर पुढचा रविवार कुणाचा?
ब.रावांना पोस्टातून बातमी लागली, धावत आले. "हो लिवा, सिस्टर, हो लिवा!" बाहेरूनच घालवले.
लताला काय कळवू?
उत्तराचं कार्ड पुढ्यात आहे. तारीख घातली, नमस्कार लिहिला. खाली सही आधीच करून ठेवली आहे, पूर्ण नावाची. मधली जागा कोरी आहे.