लांब उडीचा राहिलेला डाव

मी, मन्मथप्पा विश्वेश्वर मिटकरी, वय वर्षे अडुसष्ट, धंदा भांड्यांचे दुकान, राहणार केज, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र माझ्याच दुकानात, दुपारच्या रिकाम्या वेळी, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही, असे वकील बंकटराव म्हणाले. मला कोणी धाक घातलेला नाही की भुलवलेले नाही. बंकटरावांनी मजकूर थोडक्यात लिहायला सांगितला आहे. चाळीस वर्षे मी लोकांची नावे भांड्यांवर थोडक्यातच कोरली. आता एकदा सविस्तर लिहितो.

कलम १. माझी पत्नी शिवम्मा दोन वर्षांपूर्वी वारली. मला दोन अपत्ये आहेत. मुलगा श्रीशैल माझ्याबरोबर दुकान चालवतो. मुलगी वर्षाराणी चौसाळ्यास सासरी असते. तिच्याशी मी चार वर्षांहून अधिक काळ धड बोललेलो नाही. त्याचा खुलासा पुढे कलम ६ मध्ये केला आहे आणि तो मलाच लिहायला जड जाणार आहे.

कलम २. दुकान, त्यातला माल, तराजू, मापे आणि भांड्यांवर नाव घालायचे विजेचे मशीन श्रीशैलला मिळावे. त्याने गिऱ्हाइकाला आधी बसवावे, पाणी विचारावे आणि मग भाव सांगावा. तो नेमके उलटे करतो. नाव घालताना घाई करू नये. तळवट गल्लीतल्या एका नवरीच्या बारा ताटल्यांवर त्याने सासऱ्याचे नाव नवऱ्याच्या जागी घातले होते, ते लोक अजून विसरलेले नाहीत.

कलम ३. राहते घर दोघांना निम्मे निम्मे. माडीवरची खोली वर्षाराणीची. याला कोणतीही अट नाही. श्रीशैल कुरकूर करणार नाही, हे मला माहीत आहे. पोरगा मनाने मोठा आहे. हे त्याला तोंडावर कधी सांगितले नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

कलम ४. शेजारच्या साखराबाईंनी त्यांच्या पुतण्याच्या लग्नात आमचे पितळी घंगाळ नेले, ते अकरा वर्षे झाली परत आलेले नाही. घंगाळावर माझे नाव खोल कोरलेले आहे. त्यांनी चिंच लावून, राख लावून खूप घासले, तरी ते गेलेले नाही, हे मी त्यांच्या न्हाणीच्या खिडकीतून पाहिले आहे. ते घंगाळ आता त्यांचेच समजावे. मात्र आंघोळ करताना रोज माझे नाव वाचावे लागेल.

कलम ५. आता मुख्य वस्तू. माडीवर टीव्हीखाली व्हिडिओ गेमचा करडा डबा आहे. सन २००० च्या उन्हाळ्यात श्रीशैलने तो लातूरहून चिप बसवून आणला, म्हणजे त्यावर कॉपीची सीडीसुद्धा चालते. दोन रिमोट, आणि एक मेमरी कार्ड, काड्यापेटीहून लहान. खेळ कुठवर आला ते त्या कार्डात साठते. सीडी खेळांची होती. धावणे, अडथळे, गोळाफेक, असे एकूण आठ प्रकार, सर्वांत शेवटी लांब उडी. खेळणारे चौघे, डाव आळीपाळीने. वर्षाराणीने इंग्रजी अक्षरांत चार नावे घातली: श्री, आई, वर्षा, आप्पा. याच क्रमाने डाव यायचे.

पळायचे म्हणजे दोन बटणे भराभरा दाबायची. आम्ही अंगठे सुजवून घ्यायचो. शिवम्मा पहिले चार दिवस नुसती बघत बसली. पाचव्या दिवशी दुकानातला एक स्टीलचा चमचा घेऊन वर आली आणि त्याची पाठ दोन्ही बटणांवरून अशी काही घासली, की तिचा पडद्यावरचा माणूस आमच्या तिघांच्या पुढे जाऊन उभा राहिला.

"आई, हे चालत न्हाई! चमचा कावून घेतला?" श्रीशैल ओरडला.

"तुमी अंगठ्यानं पळा. मी माझ्या हत्यारानं पळते," ती म्हणाली.

ज्या बाईने जन्मात कधी चार पावलेसुद्धा धाव घेतली नव्हती, ती शंभर मीटरमध्ये कोणाला हरली नाही. मला ती हसताना फार आवडायची. दुकानाच्या रगाड्यात तिचे हसणे मी फारसे पाहिले नव्हते, या खेळाने पाहायला मिळाले.

कलम ६. खुलासा. खंडेनवमीला आमच्याकडे तराजूची आणि कोरायच्या हत्याराची पूजा होते. पूजेनंतर हत्यार लगेच चालवायचे आणि पहिले नाव घरातल्या वस्तूवर घालायचे, हा वडिलांपासूनचा रिवाज. सन २००१ च्या खंडेनवमीला मी त्या सीडीवर नाव घातले. गल्लीत सीड्या अदलाबदल होत होत्या, म्हणून. खालची चकचकीत बाजू नाजूक असते, एवढे मला समजत होते. म्हणून वरच्या, चित्राच्या बाजूला, अगदी काठाने, बारीक अक्षरांत कोरले: म. वि. मिटकरी, केज. अक्षर सुरेख आले होते.

त्या संध्याकाळी आम्ही चौघे खेळायला बसलो. सात प्रकार झाले. लांब उडीत श्रीशैलने उडी मारली, शिवम्माने मारली, प्रत्येक उडी कार्डात साठली. वर्षाराणीने रिमोट हातात घेतला आणि चित्र थिजले. डबा बंद केला, चालू केला, पुन्हा तिथेच थिजले.

ती म्हणाली, "आप्पा, तुमी कोरलं म्हणून तर झालं न्हाई?"

मला ते लागले. मी म्हणालो, "पस्तीस वर्षं कोरतोय, माझ्या हातनं एक वाटी वाया गेली न्हाई. तूच मैत्रिणीला दिली हुतीस. तिथं खरवडली."

"तुमची चूक कधीच नसते का, आप्पा?"

शब्दाने शब्द वाढला आणि रागाच्या भरात तिने महिनाभर पोटात ठेवलेली गोष्ट सांगून टाकली. चौसाळ्याचा धर्मराज, मराठ्यांचा मुलगा (आम्ही लिंगायत), पंपसेटच्या दुकानाचा मालक, त्याच्याशी तिला लग्न करायचे होते. मी म्हणालो, "लग्नाला मी येणार न्हाई, आन् तू बी हा उंबरा चढू नको." शिवम्माच्या हातात चमचा तसाच होता. मी शब्दाचा पक्का, म्हणून लग्नाला गेलो नाही. त्या पक्केपणाचे मला तेव्हा कौतुक होते.

शिवम्मा गेली तेव्हा वर्षाराणी आली, दाराशी उभी राहिली. मी तिला परक्या पाहुणीला म्हणावे तसे "पाणी घ्या" म्हणालो. ती पाणी न घेता आईजवळ जाऊन बसली.

त्यानंतर काही महिन्यांनी मी सीडी घेऊन एसटी स्टँडजवळ पप्पूच्या फोटो स्टुडिओत गेलो. तो सीड्यांच्या कॉपी करून देतो. त्याने सीडी उजेडात धरली आणि हसायलाच लागला.

"आप्पा, सीडीतला माल वरच्या चित्राला चिकटूनच असतोय. खालून ती नुसती वाचायची. तुमी वरून कोरलं, म्हंजी मालावरच कोरलं. आन् वाचणं आतून सुरू हुतंय. काठाला शेवटचा खेळ. बरोबर तिथंच तुमचं नाव."

"मग मैत्रिणीकडं पडलेला खालचा ओरखडा?"

"त्यानं काय हुत न्हाई."

तर हे मी माझ्या हाताने लिहून देतो की दोष माझा होता. मुलीने विचारले ते खरे होते. मला हे कळून दीड वर्ष झाले आणि दीड वर्ष मी ते कोणाला सांगितले नाही.

कलम ७. पप्पूने तसलीच सीडी धारूरच्या एका ओळखीच्याकडून मिळवली आणि तिच्या तीन कॉप्या करून दिल्या. मेमरी कार्डसुद्धा दुसऱ्या कार्डावर उतरवून दिले, म्हणजे एक बिघडले तरी दुसरे राहील. कॉपी टाकल्यावर लांब उडी उघडली. श्रीशैलचा आकडा, त्याखाली शिवम्माचा आकडा, सात मीटर बारा, आणि त्याखाली वर्षाराणीचे नाव लुकलुकत होते. दर सोमवारी शिवपूजा झाली की मी माडीवर जातो, गेम लावतो, ते नाव लुकलुकते का पाहतो आणि एकही बटण न दाबता बंद करतो. श्रीशैलला वाटते, म्हातारा एकटाच खेळतो. मी राखण करतो.

सबब, माझ्या मृत्यूनंतर डबा, दोन्ही रिमोट, तीन सीड्या, दोन्ही कार्डे आणि शिवम्माचा चमचा वर्षाराणीला द्यावा आणि तिचा डाव तिला खेळू द्यावा. माळ्यावर तिच्या रुखवताची एक्कावन्न भांडी आहेत. ती मी तिच्या बारावीपासून जमवली होती. त्यांच्यावर नाव घातलेले नाही, तीही तिचीच.

कलम ८. आमच्या रीतीप्रमाणे मला बसवून पुरावे आणि हातात इष्टलिंग द्यावे. पप्पू म्हणतो तसा रिमोट देऊ नये.

येणेप्रमाणे मृत्युपत्र पूर्ण झाले. सोमवार, ६ फेब्रुवारी २००६.

पुरवणी. वरील मजकूर साक्षीदार म्हणून सही करण्यासाठी पप्पूला वाचून दाखवला. सही करायची सोडून त्याने विचारले, "आप्पा, वर्षाताईच्या मागून कुणाचा नंबर हाय?"

"माझा."

"मग तुमी गेल्यावर त्यो खेळ पुरा कसा व्हावा?"

मी बंकटरावांना विचारले, ते म्हणाले, याला कायद्यात कलम नाही. सबब, कलम ७ मी माझ्या मर्जीने रद्द केले आहे.

आज रविवारी डबा गोणपाटात बांधला, भांडी दोन पोत्यांत भरली, कोरायचे मशीन पिशवीत घेतले आणि पप्पूला बरोबर घेऊन जीपने मांजरसुंब्यावरून चौसाळ्याला गेलो. दार वर्षाराणीनेच उघडले. वाटेत मी बरेच बोलायचे ठरवले होते. तोंडातून एवढेच आले, "वर्षे, सीडी माझ्या हातानं खराब झाली हुती."

तिने एका पोत्याचे तोंड उघडून आत पाहिले. डोळे भरले होते. मग म्हणाली, "आईचा चमचा आणलाय का?"

जेवण झाल्यावर गेम लावला. सासू छबुबाई अगदी पुढ्यात येऊन बसल्या आणि "उचल पाय, वर्षे, उचल!" म्हणून ओरडू लागल्या. वर्षाराणीने चमचा घासला. सहा मीटर नव्वद. आईपेक्षा वीतभर कमी. ती खुशीत होती, म्हणाली, आईच्या पुढं कशाला जायचं. मग मी मशीन लावून बसलो आणि वीज जाईपर्यंत एकोणीस भांड्यांवर सौ. वर्षाराणी धर्मराज असे नाव घातले. अक्षर सुरेख आले आहे. बत्तीस भांडी राहिली आहेत.

लांब उडीत आता माझे नाव लुकलुकते आहे. डबा, सीड्या, चमचा आणि एक कार्ड मी आजच चौसाळ्याला ठेवले आहे. दुसरे कार्ड माझ्या खिशात आहे. व्याही सुंदरराव म्हणाले, "मारा की उडी, एवढं काय त्यात." मी म्हणालो, पुढच्या रविवारी. दर रविवारी मी असेच म्हणणार आहे, हे वारसांनी ध्यानात ठेवावे.

बाकी सर्व कलमे कायम. खालील दोघांसमक्ष मी सही केली आणि माझ्यासमक्ष त्यांनी.

सही: मन्मथप्पा विश्वेश्वर मिटकरी

साक्षीदार
१. पप्पू, फोटो स्टुडिओवाले, केज
२. सुंदरराव, शेतकरी, चौसाळा, लिहून देणाराचे व्याही

ठिकाण: चौसाळा, लेकीचे घर
तारीख: १२ फेब्रुवारी २००६