पाण्यात गेलेली निगेटिव्ह

आप्पा, तुमच्या कपाटातली एक निगेटिव्ह माझ्या हातून नाहीशी झाली. कशी, ते क्रमाने सांगतो. गुंतलेली गोष्ट उलगडून सांगण्यातच माझे आयुष्य गेले आहे.

तुम्ही गेल्यानंतर मी कॉलेजात एक नवा विषय शिकवू लागलो: इंटरनेटवर मिळालेली माहिती पारखायची कशी. तो मला मनापासून आवडतो. उदाहरण म्हणून मी नेहमी छायाचित्रणच घेतो, कारण तिथे सल्ला देणारे अमाप आहेत आणि सगळेच ठामपणे बोलतात. फळ्यावर चौकटी आखतो. सांगणारा स्वतः हे काम करतो का? त्याला काही विकायचे आहे का? एकमेकांशी संबंध नसलेली तीन माणसे तेच सांगतात का? मुले उतरवून घेतात. तुमची कसोटी मात्र मी त्या फळ्यावर कधी लिहिली नाही. अजून आठवते: बी.एस्सी.च्या सुट्टीत, खडेबाजारातल्या तुमच्या स्टुडिओत, मी पुस्तक उघडून तुम्हाला फिल्म धुवायच्या रसायनाचे, डेव्हलपरचे, तापमान समजावून सांगतो आहे. तुम्ही ट्रे हलवत शेवटपर्यंत ऐकून घेता आणि म्हणता, "मास्तर, तुझ्या पुस्तकातलं पाणी येगळं, आपल्या नळाचं येगळं. ज्यानं लिवलंय त्याला इचार, तुझं बिघडलेलं काम दाखव म्हणून. न्हाय दाखवलं तर त्यानं कामच केलेलं न्हाय." मग फळीवरून बिस्किटांचा डबा काढता. त्यात तुमच्या स्वतःच्या बिघडलेल्या निगेटिव्हज्. शिकायला येईल त्याला तुम्ही आधी तो डबा दाखवायचा. मला त्या दिवशी तुमची थोडी लाज वाटली होती.

गेल्या श्रावणात वडगावहून एक आक्का तुमच्या स्टुडिओचा जिना चढून आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, विणकराच्या घरातल्या. बोटांवर मागाचे घट्टे अजून होते. त्यांची थोरली मुलगी सात वर्षांची असताना तापाने गेली. त्याआधी एकदाच तिला तुमच्याकडे आणली होती. घरातला फोटो वाळवीने खाल्ला. "तुझे आप्पा म्हणायचे, काच फुटंल, कागद कुजंल, पण निगेटिव्ह माझ्याकडं हाय," त्या म्हणाल्या. तुमच्या नोंदवहीवरून पाकीट दहा मिनिटांत सापडले. मुलगी दिसत होती: स्टुलावर बसलेली, एका पायात चप्पल, दुसरी खाली पडलेली. पण फिल्मवर बुरशीची जाळी पसरली होती. मी त्यांना चार दिवसांनी यायला सांगितले.

ते चार दिवस मी अभ्यास केला, आप्पा, आणि उत्साहाने केला. बुरशी काढण्याचे तीन व्हिडिओ निवडले: एक इंग्रजी, एक हिंदी, एक कन्नड. तिन्ही माणसे वेगळी, तिघांचेही स्वतःचे स्टुडिओ, कुणालाही काही विकायचे नव्हते. तिघेही एकच सांगत होते: शुद्ध पाणी, साबणाचा एक थेंब, दहा मिनिटे भिजवा. माझ्या सगळ्या चौकटी भरल्या. आक्का आल्या तेव्हा ट्रे तयार होता. त्या बाहेर बाकावर बसल्या आणि मी निगेटिव्ह पाण्यात सोडली.

फिल्मवर चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर बुरशी खाते आणि खाल्लेला थर पाण्यात विरघळतो, हे मला आता ठाऊक आहे. तिसऱ्या व्हिडिओखाली कुणीतरी ते लिहूनही ठेवले होते. तिथपर्यंत मी गेलो नव्हतो. आधी कड सुटली. मग दुधावरची साय सरकावी तसा चेहरा सरकला, दुमडला, आणि पाणी करडे झाले. माझ्या हातात कोरी, पारदर्शक फिल्म राहिली. बाहेरून आवाज आला, "दिसली का रं?"

पाण्यात सोडण्याआधी ती उजेडासमोर धरून मोबाइलवर एक फोटो काढला असता, तरी पुरे होते. तेवढेही सुचले नाही. स्वच्छ झाल्यावरच काढू म्हटले. नंतर तिन्ही व्हिडिओ पुन्हा पाहिले. तिघांनीही पुरावा म्हणून दाखवलेली निगेटिव्ह एकच होती, डावा कोपरा तुटलेली. एकाने कुठून तरी उचललेले दुसऱ्याने उचलले आणि तिसऱ्याने भाषा बदलली. माझे तीन साक्षीदार म्हणजे एकच माणूस होता, आणि त्यानेही आपले बिघडलेले काम दाखवले नव्हते. वर्गात मी अजून त्याच चौकटी आखतो. समोरची मुले विश्वासाने लिहून घेतात, आणि त्यांना नेमके काय सांगावे ते मला आता कळत नाही.

पण मूळ गोष्ट अजून सांगायची आहे. मी बाहेर आलो आणि म्हणालो, "आक्का, ती आधीच खराब झालेली. आप्पांनी नीट ठेवली नव्हती."

त्या बाकावरून उठल्या. मग म्हणाल्या, "असू दे रं. लई पोरांचे फोटो काढले त्यांनी. एकटा माणूस कुणाकुणाचं सांभाळंल? त्यांच्यावर राग न्हाय माझा." रिकामे पाकीट मागून घेतले, पदराखाली धरले आणि जिना उतरून गेल्या.

त्यांनी तुम्हाला माफ केले आणि मी ते करू दिले. खरे तर हे पत्र वडगावला जायला हवे. पत्ता तुमच्या नोंदवहीत आहे, घर अजून तिथेच आहे. पण आक्का जिवंत आहेत, त्या काहीतरी बोलतील. म्हणून तुम्हाला लिहिले.