चूल न पेटलेला दिवस

मंगळवार, संध्याकाळ. जयपूर.

आज चाकसूला, शीतलामातेच्या जत्रेत, पर्यटनावरच्या माझ्या पीएचडीची प्रश्नावली भरून घेत होते. जत्रेला का आलात? पर्याय तीनच: देवदर्शन, खरेदी, करमणूक. एक बाई कालच्या गार पुऱ्या खात म्हणाली, "आज घरात चूल पेटवायची नसते ना, म्हणून आले." मतलब, देवी नुसती निमित्ताला? मी घाईत 'देवदर्शन'वर खूण केली. चुकलंच माझं. पण चुलीचा रकाना आणू कुठून? पर्यटनाच्या एकाही पुस्तकात चूल कशी नाही?

मग तिनेच विचारलं, "तुम्हाला कधी फुरसत असते, मॅडमजी?"

"आजच की! दिवसभर हिंडतेय."

घरी आले आणि पर्स खांद्यालाच ठेवून आधी गॅस पेटवला.