मामांवाचून रावस

नंदाखाल,
सप्टेंबर १९५३

तीर्थरूप दिनानाथमामांच्या चरणी मधूचा साष्टांग नमस्कार. (चरण रागाने आपटणे चालू असेल, तर ते थांबल्यावर स्वीकारावा.) इकडे मी, प्रमोदिनी आणि केळीची बाग खुशाल. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? नाशकात पाऊस ओसरला का? आणि माझ्यावरचा राग?

गेल्या दिवाळी अंकातल्या माझ्या लेखात तुमचं नाव नव्हतं, हे पुन्हा एकदा गळ्याशपथ सांगतो. 'नाशिकचे एक टक्कल पडलेले मामा' एवढंच होतं. आता तुमच्या आळीत तसे दुसरे मामा नाहीत, यात माझा काय दोष? अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बोंबील वाळवायच्या बांबूंवर ओलं धोतर वाळत घातलंत ते तुम्हीच, आणि तेच नेसून (मालन कोळीण हात जोडून नको म्हणत असताना) गाडीत चढलात तेही तुम्हीच. डबा विरारलाच रिकामा झाला. मी फक्त लिहिलं. पण तुम्ही 'यापुढे नंदाखालचं पाणी पिणार नाही' असं कार्ड धाडलंत आणि माझा धंदाच बसला.

कसा, ते ऐका. साप्ताहिकातलं माझं सदर मासेमारीतल्या आणि रानातल्या फजितीचं. लोकांना वाटतं, मी फजित्या रचतो. अहो, रचायला डोकं लागतं! मी आपला तुम्हाला बरोबर न्यायचो ('गोदेत पोहलेला माणूस आहे, मला समुद्र शिकवू नकोस' हे तुमचं वाक्य झालं की निम्मा लेख तयार), आणि घरी येऊन जसंच्या तसं उतरवून काढायचो. आता संपादक म्हणतात, दिवाळी अंकात यंदा हसू आलं नाही, तर सदर बंद करून त्या जागी लोणच्यांच्या कृती छापू. म्हणून मी एकटाच अर्नाळ्याला गेलो.

होडीवाल्या विठ्ठल तांडेलाने माझ्या मागे वाकून पाहिलं. "मामा नाय आलं? मंग आज पान्यात कोन पडनार?" मजा बघायला जमलेल्या बायकांना मालनने कामाला परत पिटाळलं. तिथेच माझा धीर खचला. आणि पुढे घडू नये तेच घडलं, मामा. सगळं नीट पार पडलं! समुद्र वाढून ठेवलेल्या पेजेसारखा निपचित. मला ओकारी आली नाही, छत्री उडाली नाही. गळ विठ्ठलच्या टोपीत न अडकता मुकाट पाण्यात पडला. (तुमच्या हातून तो पाण्यात पडलेला मी कधी पाहिला नाही.) आणि लगेच हाताएवढा रावस लागला. विठ्ठल खूश, मी रडकुंडीला. शेवटी लाज सोडून किनाऱ्याजवळ मुद्दाम पाय घसरवला, तर त्या भल्या माणसाने मागच्या मागे सदरा धरून मला बोचक्यासारखं वाळूवर आणून ठेवलं. धड भिजलोसुद्धा नाही.

तरी लेख लिहून धाडला. संपादकांचं उत्तर आलं, 'लेख अत्यंत माहितीपूर्ण.' मामा, इतकं वाईट मी माझ्या वैऱ्यालाही लिहिलं नसतं! लेख साभार परत, आणि दुसरा देण्यासाठी जेमतेम मुदत. प्रमोदिनी आता लिंबाच्या लोणच्याची कृती लिहायला बसली आहे. म्हणते, घरातल्या एकाचं तरी छापून येऊ दे.

मामींना नमस्कार सांगावा. तुम्हाला वरचा पुरला नसेल, तर आणखी एक.

तुमचा भाचा,
मधू

ता. क. रविवारी सकाळच्या गाडीने विरारला उतरा. मी टांगा घेऊन उभा असेन. छत्री आणि तेच धोतर आणावं. गळ कसा टाकायचा ते तुम्हीच सांगायचं, मी अजिबात अडवणार नाही.

ता. क. २. यंदाच्या लेखात 'मामा' हा शब्द येणार नाही. 'नाशिकचे एक काका' लिहीन. टक्कल मात्र ठेवावंच लागेल.

ता. क. ३. रावस फार चांगला निघाला. मधली तुकडी प्रमोदिनीने सवयीने तुमच्यासाठी वेगळी वाढून ठेवली. मग तुम्ही नाही हे आठवलं, पण ती आम्ही दोघांनीही ताटात घेतली नाही. ती तुकडी मांजराने नेली. त्या दिवसाची काय ती एवढीच फजिती, पण लेखात ती माझ्याच्याने लिहवली नाही.