दार काय म्हणतंय?

१९ नोव्हेंबर, सकाळ

ताई,

नमस्कार. भावजींना नमस्कार, चिमणीला पापा. मी बरा आहे, वेळेवर जेवतो, खोली झाडतो. झालं, तू जे जे विचारणार होतीस ते सांगून टाकलं.

आता खरं. परवा मंगळवारी सकाळी मी कामावर एक वाक्य बोललो आणि त्या वाक्यानंतर काहीच पहिल्यासारखं राहिलं नाही. काय बोललो ते आत्ताच विचारू नकोस. फोनवर सांगायला गेलो तर मी ओरडतो आणि तू ठेवून देतेस, म्हणून पत्र. (गेल्या खेपेला रेंज खरंच गेली होती का गं? तुझं ते 'हॅलो, हॅलो' जरा जास्तच छान जमलं होतं.)

मी काय काम करतो असं कोणी विचारलं की तू 'कॉम्प्युटरवर काहीतरी' म्हणतेस, ते माझ्या कानावर आलंय. तर ऐक. बिजागऱ्या आणि कुलपं विकणारी एक कंपनी आहे. तिच्या वेबसाइटसाठी मी पानं लिहितो. ती पानं अशी हवीत की दुसऱ्या वेबसाइटवाल्यांनी आपणहून आपल्या वाचकांना सांगावं, 'हे बघा', आणि तिथे आमची लिंक द्यावी. चांगल्या चांगल्या ठिकाणांहून लिंका आल्या की लोक शोधायला लागल्यावर आमचं पान वर दिसतं आणि कंपनीची कुलपं खपतात. आमच्या साहेबांना सगळे मामा म्हणतात. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "बिजागरीची थोरवी गायलास तर बिजागरीवाल्याची बायकोसुद्धा वाचायची नाही. लोक लिंक कधी देतात? त्यांना जे समजावून सांगायचा कंटाळा येतो, ते आपण आधीच नीट सांगून ठेवलेलं असतं तेव्हा. दुसऱ्याचा घसा वाचव, तो तुझं नाव घेईल."

आणि लगेच पुढे, "पण लिंक आली म्हणून हुरळू नकोस. आधी विचार, का दिली? फुकट कोणी कोणाच्या दाराकडे बोट दाखवत नाही."

मामांचं पहिलं वाक्य मी कामाला लावलं. दुसरं घरी घेऊन आलो.

मामांच्या टेबलावर एक पितळी घंटी आहे, वरून टिचकी मारली की वाजणारी. रोज सकाळी ते कोणत्या पानाला नवी लिंक आली ते बघतात आणि ज्याचं पान त्यानं उठून घंटी वाजवायची. पहिले काही महिने मी त्या घंटीवरची धूळ तेवढी पाहिली. मग मला एक गोष्ट सुचली. दार करकरतं ते वेगवेगळ्या कारणांनी वेगवेगळं करकरतं. मग पान असं करायचं की माणसानं एकेक आवाज वाजवून बघायचा, आपल्या दाराचा आवाज सापडला की खाली वाचायचं, दुखणं काय आणि उपाय काय. नाव ठेवलं, 'दार काय म्हणतंय?'

मामा म्हणाले, "कॉलेज सोडलेल्या पोराच्या मानानं डोकं बरं आहे."

आवाज टिपायचं काम आमच्या ऑफिसातल्या एकीकडे होतं. तिला सगळे आवाजवाली म्हणतात. मीही तेच म्हणतो. तू लगेच भुवया उडवू नकोस.

आम्ही दोघं माइक घेऊन दारं ऐकत हिंडलो. दाताच्या डॉक्टरांचं दार, वाचनालयाचं दार, लिफ्टचं, शिंप्याच्या दुकानाचं. शिंपी म्हणाला, "चाळीस रुपयांचं तेल घातलं असतंत तर ही पीडाच गेली असती." ती म्हणाली, "काका, थांबा, आधी रडू दे त्याला पोटभर, मग घाला." ती हेडफोन लावून डोळे मिटून ऐकायची तेव्हा मी काय बघायचो ते लिहीत नाही.

माझ्या खोलीचंही दार टिपलं. घरमालकीणबाई जिन्यात उभ्या राहून काही सांडलंय का ते शोधत होत्या, सांडलं काहीच नव्हतं. माझं दार लागत नाही हे तुला माहीत आहे. मी ते आपटतो, ते पुन्हा उघडतं, मी पुन्हा आपटतो. तिनं ते एकदा हलवून पाहिलं आणि म्हणाली, "वरची बिजागरी सैल झालीय, दार खाली आलंय. कितीही आपट, लागायचं नाही. जरा उचल आणि मग लाव." तिनं उचलून लावलं. टक्. लागलं. त्या आवाजाखाली मी पानावर लिहिलं, 'हे दार रागावलेलं नाही, त्याचा वरचा स्क्रू ढिला आहे.' तो स्क्रू मी आजपर्यंत आवळलेला नाही. का, ते तुझं तू समज.

पान चढलं आणि घंटी वाजायला लागली. सुतारकाम शिकवणाऱ्या एकाची लिंक. नाटकवाल्यांची लिंक, त्यांना पडद्यामागे वाजवायला करकर हवी होती. मग ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा मुलांच्या शाळेची. शाळेच्या बाई त्यांच्या वेबसाइटवर आमच्या पानाबद्दल दर आठवड्याला काहीतरी लिहायच्या. मी रोज उठून टिचकी मारायचो आणि कॉलर ताठ.

पण ताई, मला मामांचं दुसरं वाक्य छळायला लागलं. का दिली? एवढ्या लिंका? माझ्यासारख्याच्या पानाला? आधी वाटलं, मामांनीच विकत घेतल्या असतील. मग टायवाल्यावर नजर गेली. हा आमच्याकडे गिऱ्हाइकं आणतो, उन्हाळ्यातही टाय लावतो. तो तिला संध्याकाळी स्कूटरवरून पुलापर्यंत सोडतो. घंटी वाजली की दोघं एकमेकांकडे बघून हसतात. का हसतात? मी विचारलं तर ती म्हणाली, "तुला मांजर आडवं गेलं तरी तू विचारशील, कोणी पाठवलं." हे वाक्य तर तुझं आहे! तू तिच्याशी बोललीस का कधी? खरं सांग.

मग मी एक सापळा लावला. तुला सांगताना आत्ताही थोडा अभिमान वाटतोय, बघ कसला माणूस आहे मी. टिपलेल्या आवाजांतले आणखी काही पानावर येणार होते, कोणते ते मी ठरवणार होतो आणि कोणालाच सांगितलं नव्हतं. टायवाल्याला मी हळूच सांगितलं, "लोखंडी फाटकाचा येतोय, कोणाला बोलू नकोस." तिला सांगितलं, "दाराच्या फटीतून वारा शिरला की शीळ वाजते ना, ती येतेय. फक्त तुला सांगतोय." आता बाहेर जे फुटेल त्यावरून चोर कळणार.

फाटक कुठेच फुटलं नाही. सोमवारी त्या शाळेच्या वेबसाइटवर आलं, 'लवकरच शीळ घालणारं दार ऐकायला मिळणार आहे.'

मी रात्रभर, नाही, रात्रीचं सोड. मंगळवारी सकाळी ऑफिसात गेलो तेव्हा बिजागरी कंपनीचे मालक आलेले, मामा त्यांना पान दाखवताहेत, टायवाला चहा ओततोय, ती माइकची वायर गुंडाळतेय. मामा म्हणाले, "या, लेखक! नवी लिंक, वाजवा." मी घंटी वाजवली नाही. मी तिच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो.

आता ते वाक्य. लिहितो, कारण तू अर्धवट ऐकून घेणारी नाहीस.

मी म्हणालो, "लिंका आणायला बातम्या देतेस हे कळलं. आणखी काय काय देतेस लोकांना?"

चहा ओतायचा थांबला. मालक खिडकीबाहेर बघायला लागले. मामा म्हणाले, "गाढवा, गप." तिनं वायर गुंडाळून पूर्ण केली, टोक नीट आत खोचलं, हेडफोन गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "पान तुझं आहे. ठेव जपून." आणि गेली. तिनं दार इतकं हळू लावलं की मला ऐकूच आलं नाही. दारांचे आवाज ओळखणारा मी, आणि मला ऐकू आलं नाही.

काल सकाळी मामांनी यादी बघितली. शाळेची लिंक गायब. सुताराचीही. दुपारी मी तणतणत त्या शाळेत फोन लावला, म्हटलं आता यांच्याच तोंडून काढतो.

बाई शांत होत्या. म्हणाल्या, "तुम्हीच का ते लेखक? शीळ माझ्याकडून फुटली. तुमचं लिहिणं पानावर चढायच्या आधी तुमच्या त्या आवाज टिपणाऱ्या बाई मला फोनवर वाचून दाखवायच्या, आमच्या मुलांना नुसतं ऐकून कळेल का ते विचारायला. शीळ येतेय हेही तसंच कळलं, मी उतावीळपणे लिहून टाकलं. त्यांना तुम्ही काय बोललात ते त्यांनी सांगितलं नाही, पण रडत होत्या. म्हणून मी लिंक काढली."

मी विचारलं, "आणि सुतार? नाटकवाले?"

"सुतारांनी माझ्याकडून ऐकून काढली. या सगळ्यांना त्याच लिहायच्या. एकेकाला वेगळं पत्र, त्याचं काम आधी नीट बघून, त्याला उपयोग काय ते सांगून. तुम्हाला माहीत नव्हतं?" मग त्या थोडं हसल्या. "मला म्हणाल्या होत्या, लेखकाला सांगू नका. त्याला वाटतं लिंका आपोआप येतात. वाटू दे, बरं लिहितो त्यामुळे."

ताई, मी फोन ठेवला. आणि खोटं सांगत नाही, माझ्या मनात पहिला विचार काय आला माहितेय? की हे सगळं बोलायला या बाईंना तिनंच सांगितलं नसेल कशावरून? एवढं ऐकूनसुद्धा! मग माझी मलाच भीती वाटली. हे थांबणार कुठे? तू चिमणीचा फोटो पाठवलास तरी मी विचारणार, आज का पाठवला?

टायवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "हसायचो कारण तू घंटी वाजवताना छाती काढायचास. आणि पुलापलीकडे माझं सासर आहे, शहाण्या. बायको तिकडेच आहे बाळंतपणाला." मला त्याचा टाय ओढावासा वाटला आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. यातलं मी काहीच केलं नाही.

काल संध्याकाळी मी पानावर आवाजवालीचं नाव घातलं. टोपणनाव नव्हे, खरं नाव, माझ्या नावाच्या वर. मामांनी बघितलं आणि नुसतं म्हणाले, "उद्या सकाळी ती तिचा माइक न्यायला येतेय. मालकही येणार आहेत. तू सुट्टी घे हवं तर."

म्हणजे तोंड लपव. ते भल्यासाठीच म्हणाले असतील. (असतील ना?) पण लहानपणी मी तुला पाहुण्यांसमोर चोरटी म्हणालो होतो तेव्हा तू मला त्याच पाहुण्यांसमोर उभं करून माफी मागायला लावली होतीस. म्हणाली होतीस, चारचौघांत थुंकायचं आणि कोपऱ्यात पुसायचं, हे आपल्याकडे चालत नाही. तेव्हा तुझा राग आला होता. आज मी मालकांसमोर, मामांसमोर, टायवाल्यासमोर बोलणार आहे. ती ऐकून घेईल का, मला माहीत नाही. माइक उचलून निघून गेली तर मी वाटेत आडवा येणार नाही. का गेलीस, हेही विचारणार नाही.

आवडते गं ती मला. लिहिलं शेवटी. तुला हे पहिल्याच पानावर कळलं असणार.

आता निघतो. या शेवटच्या ओळी उभ्यानं लिहितोय, कागद दारालाच टेकवून, म्हणून अक्षर वाकडं. घरमालकीणबाई जिन्यात आहेत, पत्र त्यांच्याचकडे टाकायला देतो. उघडून वाचलं तर वाचू देत. पाकीट बंद केलं की बाहेर पडेन आणि दार ओढून घेईन. आपटणार नाही. जरा उचलेन, आणि मग लावेन.

तुझा,
दर वेळी आधी आपटणारा भाऊ