हातावरची तुळस

प्रिय रूथ,

तुले हे पत्र मी सावकाश लिवून राह्यली. अक्षर मोठं काढते अन् जोडाक्षर जमन तेवढं टाळते, कारन तुले जोडाक्षराचा लय राग. 'हे दोघं एकमेकाच्या खांद्यावर काऊन बसले जयवंता, खाली जागा नाही का?' असं तू मले चुलीपाशी इचारलं होतं. मी चवथी शिकलेली बाई, मले काय सांगता येते? हासता हासता तव्यावरची भाकर जळून गेली होती. तुही आई बरी असन, बापाच्या गाई-मेंढ्या बऱ्या असतीन. आमी इकडं सगळे खुशाल हाओत. असं लिवा लागते म्हून लिवलं.

आता दुपार हाय. घरचे सारे कापूस येचाले वावरात गेले. मी डोकं दुखते म्हनून मांगं राह्यली. तू जातानी पत्ता लिवून, तिकीट लावून जे लिफाफे देऊन गेली होती ते मी लुगड्याच्या घडीत जपून ठेवले होते. त्यातला हा पयला. उद्या बेल्याचा बाजार हाय, तिथं पेटीत टाकीन.

आधी तुह्या शाळेचं सांगते. तू गेल्यापासून इंग्रजीचा मास्तर आलाच नाही. मोतीराम मास्तर एकटाच हाय, इंग्रजीच्या तासाले पोट्ट्याइले मैदानातले गोटे उचलाले लावते. पन पोट्टे तुले भुलले नाहीत. सकाळी बैल सोडतानी बैलाले 'गुड मॉर्निंग' म्हनतात. त्याइचं ऐकून ऐकून माह्या सासऱ्यानं बी पोस्टमनले 'थँक्यू' म्हनाले सुरुवात केली. पोस्टमन म्हनते, 'उद्धवराव, शिवी देता का आशीर्वाद?' सातवीच्या परीक्षेत आपल्या गावचे पोरं पयल्यांदा इंग्रजीत पास झाले. चंपतरावची ते नकटी पोरगी, जे तुह्या बाजूनं बसाले भांडे, ते आता बारक्या पोराइले ओसरीत बसवून शिकवते अन् तुह्यासारखीच भुवया वर करून रागावते. जाच्या आधी तू रडत होती ना, का साल गेलं अन् कोनाले काही आलं नाही? आलं बाई. थोडं थोडं आलं.

अन् तू नवी आली तवा गावात काय बोलत ते तुले आता सांगाले हरकत नाही. पगार घेत नाही म्हंजे ही बाई तिकडं काही करून पळून आली असन, असं बोलत. विमलताई, माही मोठी जाऊ, म्हने नवऱ्यानं टाकली असन. आपला देश सोडून या गावात फुकट ए बी सी शिकवाले कोन येते? मंग एक दिवस तू आमची मारकी गाय पिळली. जे गाय बुढीलेही लाथ मारे, ते तुह्यापुढं गप उभी राह्यली. बुढी, माही सासू, म्हनली, 'मुक्या जनावरानं जिले जवळ येऊ देलं ते बाई वाईट नसते.' त्या दिवसापासून तुही खाट आमच्या ओसरीवर आली. बुढी अजून इचारते, आमची गोरी सून कवा येते म्हून.

तू गेली तवा मले चवथा महिना होता. पोरगी झाली. उज्वला नाव ठेवलं, उजी म्हनतो. रंगानं माह्यासारखी सावळी, पन कपाळ बापाचं. दूध पितानी एका हातानं माह्या चोळीची गाठ धरून ठेवे. झोप लागली तरी सोडे नाही. मी तिचे बोटं एक एक करून सोडवू अन् ते झोपेत पुन्हा धरे. लेकरू म्हंजे काय असते हे मले ठाऊक नव्हतं रूथ. मी एवढी घाबरट बाई, गाईले भेते, बसमधी बसाले भेते, पन लेकरू मांडीवर असलं का मले कशाची भीती वाटे नाही.

कार्तिकात आमी जैनथच्या जत्रेले गेलो. आमच्यात पयलं लेकरू झालं का सुनेच्या हातावर तुळस गोंदतात. बुढीच्या हातावरची तू पाह्यलीच हाय. माह्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, एक फिक्कट डाग होता. तू होती तवा बारीक होता, लेकरू झाल्यावर मोठा झाला. बुढीले वाटे सिबं हाय, उन्हाचं. ते गोंदनारीले म्हनली, 'तिथंच गोंद माय, तुळसही होईन अन् डागही झाकन.' गोंदनारीनं सुया बांधून काळ्यात बुडवल्या. विमलताईनं माहा खांदा धरला, बाया गानं म्हनाले लागल्या, कारन गोंदतानी सारेच रडतात. मी बी रडली. तुळशीचं बुड काढलं तवा इंगळ्या डसून राह्यल्या असं वाटे. मंग सुई डागावर आली अन् दुखनं थांबलं. सुई आत जातानी दिसे, रगत दिसे, पन जसं दुसऱ्याच कोनाच्या हातावर गोंदून राह्यले. मी रडाची थांबली. बाया हासल्या. 'पाह्य वं, कशी धीराची हाय उद्धवरावची सून!' बुढीचा ऊर भरून आला, तिनं गोंदनारीले वरून चोळीचा खन देला अन् मले साऱ्या जत्रेत मिरवलं. मी पदर वढून तो हात झाकून घेतला होता.

काऊन ते सांगते. तू एकदा नाल्याच्या पलीकडची झोपडी दाखवून इचारलं होतं, तिथं कोन राह्यते? बुढीनं सांगतलं, कोनी नाही. तिथं कुसुमबाई राह्यते. तिले महारोग हाय. मी लगन होऊन आली तवा ते आमच्याच गल्लीत होती, मले पयल्यांदा इहिरीवर घेऊन गेली ते तीच. एक दिवस भाकर टाकतानी तिचे बोटं तव्यावर राह्यले. चामडी जळाल्याचा वास आला अन् ते हासून गोष्टच सांगत होती. तिले ठाऊकच नाही का आपला हात जळून राह्यला. त्या दिवशी साऱ्या गावाले समजलं. पोराले तिच्या जावेनं उचललं अन् तिले नाल्यापलीकडं नेऊन बसवलं. पोरगा अंगावर पीत होता तवा. तुह्या वर्गात निळ्या सदऱ्याचा फकिरा होता ना, तोच. त्याले कोनी सांगतलं नाही. तो बाकीच्या पोट्ट्याइसंगं नाल्यावर जाते अन् त्या झोपडीवर गोटे मारते. ते बाहेर येत नाही. माय कशी येईन बाहेर?

जत्रेहून आल्यावर मी चुलीतली काडी घेऊन डागाले लावून पाह्यली. काही नाही. मंग बाजाराच्या दिवशी, बांगड्या भराले जाते म्हनून, बेल्याले चामडी पाहनाऱ्या सरकारी मानसाकडं गेली. तो बाजारात चिंचेखाली बसते. त्यानं मले डोळे मिटाले लावले अन् कापसाच्या वातीनं हातावर शिवून इचारलं, कुठं लागलं सांग. रूथ, साऱ्या जिनगीत मी कापूस येचला, अन् तवा मले कापूस समजला नाही. तो म्हनला, 'भेऊ नको बाई, एकच डाग हाय, लौकर आली. गोळ्या घेतल्या का बरं होते, बोटं काही झडत नाहीत. घरात राह्य, सैपाक कर, लेकराले पाज, कोनाले काही होत नाही.' चांगला बोलला. पन गोळ्याची पुडी त्यानं माह्या हातात देली नाही. बाजूच्या गोट्यावर ठेवली अन् बोट दाखवलं, घे म्हून. त्याच्या तोंडावर इश्वास ठेवू का त्याच्या हातावर?

गोळ्या मी घेते. ज्वारीच्या कोठीमांगं लपवून ठेवल्या. पयली गोळी घेतली त्या दिवशी लघवी कुंकवासारखी लाल झाली. त्यानं आधी सांगतलं होतं तरी मी गोठ्यात बसून रडली. घरी कोनाले सांगतलं नाही. उजीच्या बापालेही नाही. तो वाईट मानूस नाही, पन त्याच्या मायच्या पुढं त्याचं तोंड उघडत नाही. अन् बुढी तरी काय वाईट हाय? कुसुमबाईले नाल्यापलीकडं पोचवाले गेली तवा बुढी मोठ्यानं रडत होती. रडत होती अन् पोचवत होती.

मंग मी काय केलं ते आईक. मी छातीले कडूलिंबाचा पाला वाटून लावला. आमच्याकडं लेकराचं दूध तोडा लागलं का असंच करतात, पन ते दोन सालाचं झाल्यावर. उजीनं तोंड लावलं, थुकली, अन् माह्याकडं पाह्यलं. रडली नाही. पुन्हा लावलं, पुन्हा थुकली. तिले वाटलं तिचंच काही चुकलं. विमलताईचं लेकरू अजून पिते, तिच्याच अंगावर आता दोघंही पितात. मी उजीले घेत नाही. न्हाऊ घालत नाही. ते रांगत येते, लुगडं धरते, अन् मी हांडा उचलून पान्याले जाते. माहं ताट मी येगळं घासते, नवऱ्याले सांगतलं का मले नवस हाय, येगळी झोपते. घरात रोज बोलनं ऐकते. विमलताई म्हनते, 'जत्रेत सुई टोचली तरी रडली नाही ते! दगडाचं काळीज हाय बाईचं.' बुढी म्हनते, 'पोरगी झाली म्हून तोंड फिरवते का वं? आमी तोंड वाकडं केलं नाही अन् तू करते?' मी खाली पाहून ताट घासते. बोलली त नाल्यापलीकडं जावं लागन. नाही बोलली त घरात राहून लेकरू पाहाले तरी भेटते. गेल्या हप्त्यात ते ओट्यावरून पडली. मी धावली, हात पुढं केले, अन् तसेच मांगं घेतले. विमलताईनं उचललं. तिनं मले असं पाह्यलं का मी मेली असती त बरं.

हे सारं तुलेच काऊन लिवलं ते आता सांगते. तुह्या गावात हे पत्र दुसऱ्या कोनाले वाचता येत नाही, म्हून लिवता आलं. पन त्यासाठी नाही लिवलं. रूथ, तू साल भर माह्यासंगं राह्यली. माह्या ताटात जेवली, माह्या फनीनं केस इचरले, थंडीत एका गोधडीत झोपलो. तवा तो डाग होता. म्हून एक काम कर. दार लाव, चांगल्या उजेडात उभी राह्य अन् साऱ्या अंगावर पाह्य, पाठीवर तुह्या आईले पाहाले सांग. कुठं फिक्कट दिसलं त सुईनं टोच. दुखलं त देव पावला. नाही दुखलं त येळ लावू नको, तुमच्याकडं मोठे डाक्टर असतीन, आजच्या आज जाय, अन् जमलं त मले माफ कर. पन तुह्या अंगावर काही नसन, रूथ, काहीच नसन, त मले लगेच कळव. तो मानूस म्हनते ते खरं हाय हे मले तुह्याच अंगावरून समजन. एका ताटात जेवून तुले काही झालं नाही त माह्या हातानं लेकरालेही होनार नाही. तुहं पत्र बुढ्याच्या हातात पडन अन् मोतीराम मास्तर साऱ्याइपुढं वाचन, म्हून डागाचं नाव काढू नको. आमच्याकडं पत्राच्या शेवटी लहान्या लेकराले गोड पापा लिवतात, सारेच लिवतात, कोनाले काही वाटत नाही. तू चांगली असशीन त शेवटी तेवढंच लिव, उजीले गोड पापा. मी ते ऐकलं का त्याच घडीले तिले उचलीन, मंग कोनी काही म्हनो. तुहं अंग चांगलं नसन त ते लिवू नको, मी समजन. पत्र जाले महिना लागते अन् याले महिना लागते, म्हून लौकर लिव. काल उजी पयल्यांदा माय म्हनली. विमलताईकडं पाहून म्हनली.

तुहीच,
जयवंता